खांद्याचं देणं

पैशांच्या हिशेबात त्या बाईंचं माझ्याकडे काही येणं उरलेलं नाही. शिकाऊ दवाखान्याची माफक फी मी दर वेळी खिडकीवर भरली, पावत्याही कुठल्याशा फाइलीत असतील. तरी देण्याघेण्याचा विषय निघाला की गुरुजींच्या पाठोपाठ मला आठवतात त्या लंडनच्या साउथवर्क भागातल्या ऑस्टिओपॅथीच्या शिक्षिका. त्यांचं नाव इथे देत नाही; छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही.

मी तबला वाजवते. खयालाची साथ हे माझं मुख्य काम, आणि शनिवार-रविवारी मुलांना शिकवणं. विलंबित एकतालाची साथ समोरून पाहणाऱ्याला फार निवांत वाटते. दोन मात्रांच्या मध्ये एवढी ऐसपैस जागा, त्यात हाताला काम ते काय? काम नसतं हे खरंच, पण माझा उजवा खांदा त्या मोकळ्या जागेत कानाकडे चढून बसायचा. पुण्यात गुरुजी ओरडायचे, "खांदा सोड गं!" मी सोडायचे. म्हणजे सोडला असं मला वाटायचं. पुढच्या आवर्तनात ते पुन्हा ओरडायचे.

लंडनला आल्यावर त्यात डग्ग्याचं ओझं घेऊन भुयारी रेल्वेचे जिने चढणं आलं, थंडीत अंग आक्रसून चालणं आलं. चाळिशीच्या आसपास कोपरापासून मनगटापर्यंत हात ठणकायला लागला. धिरधिर वाजवताना हात जड व्हायचा आणि रेला मध्येच बसायचा. डॉक्टरांनी तपासलं, नस दबलेली नाही म्हणाले, वेदनाशामक गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली. सीझनच्या तोंडावर वादकाला विश्रांती सांगणं फार सोपं असतं! शेवटी एका व्हायोलिन वाजवणाऱ्या मैत्रिणीनं ब्रिटिश स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथीचा पत्ता दिला. तिथे विद्यार्थी उपचार करतात, शिक्षक देखरेख ठेवतात, म्हणून परवडतं, एवढीच तिची शिफारस.

ही संस्था १९१७ची. जॉन मार्टिन लिटलजॉन नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी काढलेली. ते ही विद्या अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी शिकून आले होते, तिथे शिकवतही होते. तिचे मूळपुरुष अँड्र्यू टेलर स्टिल. १८६४ मध्ये मेनिंजायटिसनं त्यांची तीन मुलं गेली, आणि स्वतः डॉक्टर असलेल्या या माणसाचा तेव्हाच्या औषधांवरचा विश्वास उडाला. पुढे १८७४ मध्ये त्यांनी आपल्या नव्या पद्धतीची घोषणा केली आणि १८९२ मध्ये कर्क्सव्हिलला शाळा उघडली. मधल्या काळात विजेच्या वेगानं हाडं बसवणारा म्हणून ते स्वतःची जाहिरात करत गावोगाव हिंडत. आपल्याकडच्या हाडवैद्यांशी त्यांचं चांगलं जमलं असतं. शरीराची चौकट सुधारली की झाडून सगळे रोग हटतील, हा स्टिल यांचा दावा मात्र काही टिकला नाही, आणि टिकायला नकोच होता. अमेरिकेत त्यांचे वारसदार आज पूर्ण शिक्षणाचे डॉक्टर आहेत, शस्त्रक्रियासुद्धा करतात. ब्रिटनमध्ये ही शाखा मुख्यतः हातांनी करायच्या उपचारांपुरती राहिली.

पहिल्या दिवशी एका लाजऱ्या मुलानं माझी अर्धा तास चौकशी केली. मुंग्या येतात का, हातातून वस्तू पडतात का, रात्री दुखण्यानं जाग येते का, वजन उतरलंय का. मग बाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मला उताणं झोपवून त्यांनी माझा उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला.

"आता हा मला द्या."

"दिला," मी म्हणाले.

त्यांनी हळूच आपला हात काढून घेतला. माझा हात तसाच वर राहिला. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझाच आहे हे मला पटत नव्हतं. बाई त्या मुलाला म्हणाल्या, "बघ, हिला वाटतंय हिनं दिलाय." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही काय वाजवता?" तबला म्हटल्यावर त्यांनी पुढचा रुग्ण थांबवून ठेवला आणि मला हवेत ठेका धरायला लावला.

त्यांचे उपचार पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटले असते. मानेला कटकन झटका देणं त्यांनी माझ्या बाबतीत कधी केलं नाही. एक हात माझ्या खांद्याखाली सारायच्या आणि गप्प राहायच्या, इतका वेळ की ह्यांना डुलकी लागली की काय असं वाटावं. कधी म्हणायच्या, खांदा कानाकडे न्या, अगदी थोड्या जोरानं, मी अडवते. पाचेक सेकंद तसं अडवायचं, मग "पुरे", आणि पुरे म्हटल्यावर जे सैल पडेल तेवढ्याच अंतरानं हात पुढे न्यायचा. ही पद्धत अमेरिकेतल्या फ्रेड मिचेल यांची. दुसरी होती लॉरेन्स जोन्स यांची: दुखरा बिंदू बोटानं दाबून ठेवायचा, मान किंवा हात फिरवत फिरवत अशा कोनात आणायचा की दुखणं जवळजवळ नाहीसं व्हावं, आणि त्या कोनात नव्वद सेकंद धरून ठेवायचं. परत आणताना इतकं सावकाश, की स्नायूला चाहूलही लागू नये. माझ्या मानेच्या बाजूचा एक बिंदू त्या मुलाला सापडेना. बाईंनी त्याचं बोट धरून तिथे नेलं नाही. "शोध," म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून राहिल्या. त्याला सापडला तेव्हा मी ओरडले आणि तो आनंदला.

स्वस्थ पडलेल्या स्नायूला ताण असतो तो कशाचा, हे मला त्यांनी सांगितलं, आणि कुठल्याही तबलजीला कळेल असं सांगितलं, कारण एव्हाना मी त्यांना तबला दाखवायला नेला होता. तबल्यावर थाप पडत नसते तेव्हाही पुडी ताणलेली असतेच. वादी आणि गट्टे तिला तसं धरून ठेवतात, पावसाळी हवेत ती उतरते, उन्हात चढते. कुणी वाजवत नसताना. स्नायूच्या विश्रांतीतल्या ताणाचाही मोठा भाग असाच आहे: तंतूंचा, त्यांच्या वेष्टनांचा, आतल्या द्रवाचा, निव्वळ पदार्थाचा ताठरपणा. मज्जातंतूंकडून येणाऱ्या हुकुमाचा भाग निराळा. कॅनडातले जॉन बासमाजियन यांनी सुईसारख्या बारीक विद्युतअग्रांनी हे तपासलं होतं. निरोगी माणूस खरोखर सैल झाला की त्याचा स्नायू विजेच्या दृष्टीनं पूर्ण गप्प होऊ शकतो. म्हणजे माझा खांदा वर चढत होता तो हुकमानं, पण खाली पडल्यावरही हाताला लागत होता तो कडकपणा सगळा हुकमाचा असेलच असं नाही. बोटांना दोन्ही सारखेच लागतात.

बासमाजियन यांचा एक प्रयोग बाईंनी सांगितला तो मी आजही वर्गात सांगते. त्यांनी लोकांना त्यांच्याच स्नायूतल्या एकेका पेशीसमूहाचा विद्युत आवाज लाउडस्पीकरवर ऐकवला. थोड्याच वेळात लोकांना तो एकच समूह हवा तेव्हा चालू-बंद करता यायला लागला, आणि काहींनी त्यावर ढोलासारखे ठेके, घोड्याच्या टापांची लय वाजवून दाखवली. १९६३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं आहे. ज्याचा आवाज ऐकू येतो ते आवरता येतं, एवढं त्यातून मी उचललं.

बाईंच्या घराण्याचा स्वतःचा एक सिद्धान्त होता. कर्क्सव्हिलला डेन्स्लो आणि कोर यांनी १९४०च्या दशकात मणक्यांच्या टोकांवर मोजूनमापून दाब दिला आणि पाठीचे स्नायू किती दाबाला जागे होतात ते टिपलं. काही मणक्यांपाशी अगदी थोड्या दाबानं काम भागत होतं. त्यावरून त्यांनी मांडलं की मज्जारज्जूचा तेवढा पट्टा सतत उत्तेजित राहतो, स्नायूला आवळून धरतो, आणि हातांचे उपचार तो शांत करतात. कित्येक वर्षं शाळांमधून हे पाठ म्हणून शिकवलं गेलं. बाईंनीही शिकवलं होतं. माझ्यासमोर विद्यार्थ्यांना मात्र त्या सांगत, की प्रयोग चांगले होते, पण त्यावर बांधलेली इमारत पायापेक्षा मोठी झाली. मणक्यावरच्या झटक्यानंतर मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते हे मोजलेलं आहे, पण ते थोड्या वेळापुरतं. मिचेल यांच्या पद्धतीनंतर हात जास्त जातो, त्याचं श्रेयही बहुधा स्नायू ढिला पडण्याला नसून ताण सोसायची तयारी वाढण्याला आहे. आपल्या विद्येबद्दल, फी घेऊन बसलेल्या रुग्णासमोर, इतकं मोकळं बोलणारी माणसं मी संगीतातही फार पाहिलेली नाहीत.

एकदा त्या लाजऱ्या मुलानं एक यंत्र आणलं. एस्टोनियात तयार झालेलं, मायोटन नावाचं, हातात मावेल एवढं. ते कातडीवर टेकवलं की स्नायूला क्षणभर हलकी टिचकी मारतं, आणि स्नायू कसा थरथरून थांबतो ते नोंदतं. थरथर जितकी जलद तितका ताण जास्त. २०१८ मध्ये अलेक्झांडर गर्स्ट यांनी अंतराळ स्थानकात हेच वापरलं होतं, वजनाशिवाय स्नायूंचं काय होतं ते बघायला. मला गंमत वाटली ती वेगळीच: टिचकी मारून कंपनावरून ताण ओळखायचा, मग मी हातोडी घेऊन दर मैफलीआधी दुसरं काय करते? उपचाराआधी आणि नंतर माझ्या खांद्याचं माप घेतलं. आकडा खाली आला. मुलगा खूश. बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला हिला हात लावू नकोस. नुसतं झोपव तेवढाच वेळ, आणि मग मोज." पुढच्या खेपेला तसं केलं. आकडा तेव्हाही खाली आला, जवळपास तेवढाच.

"मग मी इथे कशाला येतेय?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं," त्या म्हणाल्या. "पडून राहायचं असेल तर घरचा पलंग स्वस्त पडेल."

मी सांगू शकले ते असं. त्यांचा हात खांद्याखाली असला की मला खांदा ऐकू यायचा. एकटी पलंगावर पडले की यायचा नाही. काही महिन्यांत तो घरीही यायला लागला, मग सरावात, आणि एके दिवशी मैफलीत, विलंबिताच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात. गायिका आलाप भरत होत्या, हात डग्ग्यावर टेकलेला होता आणि खांदा निघाला होता वर. निघताना मला तो सापडला. सोडला. त्या आवर्तनाची सम इतकी भरघोस पडली की गायिकेनं वळून पाहिलं. दुखणं पुढेही येत-जात राहिलं. आजही थंडीत हात कुरकुरतो. पण रेला बसायचा थांबला.

उपचारांनी स्नायूचा ताण किती उतरला, ह्याचं माझं उत्तर म्हणजे थोडा, आणि थोड्या वेळापुरता. माझ्यावर ऋण आहे ते ह्याहून वेगळं. गुरुजी वीस वर्षं जे ओरडून सांगत होते त्याचा पत्ता मला बाईंनी दाखवला, आणि तो दाखवताना मधली सगळी भपकेबाज कारणं स्वतःच्या हातानं बाजूला सारली. त्या काळात त्यांनी मला एकदाही "तुम्हाला माझी गरज आहे" असं वाटू दिलं नाही. शेवटी तर त्यांनीच येणं बंद करायला सांगितलं. गुरुजींना फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ते थोडे नाराज झाले. म्हणाले, "मी सांगत होतो तेव्हा कान कुठे होते?" त्यांचंही बरोबर होतं. पण खांदा सोड म्हणणं आणि खांद्याखाली हात देणं ह्यांत फरक आहे, आणि आमच्या पिढीत मुलीच्या खांद्याखाली हात देणं गुरुजींना शक्यही नव्हतं.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. संस्थेचं नावही २०१७ मध्ये बदललं. काय देऊ म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, वादक पाठवा; विद्यार्थ्यांना ऑफिसात बसणाऱ्यांच्या पाठी खूप मिळतात, वादकांचे हात मिळत नाहीत. तेव्हापासून मी पाठवते आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी ब्रिटनमध्ये वाजवत असेल आणि हात ठणकत असेल, तर दुखणं साचू देऊ नका. बधिरपणा, मुंग्या किंवा पकड सुटत असेल तर आधी डॉक्टर. नाहीतर शिकाऊ दवाखान्यात जा, विद्यार्थ्याच्या हाताला लाजू नका. खाजगीत गेलात तर नाव जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या नोंदवहीत आहे ना ते पाहून घ्या; १९९३च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला तिथे स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवता येत नाही.