लक्तरे, वेस आणि दिंडीचे धुणे

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकविताना आम्हां दोघींना एक प्रश्न नेहमी पडत आला आहे. लेखक महिना-महिना हिंडतो, नद्या ओलांडतो, डोंगर चढतो, धुळीत आणि पावसात चालतो. मग त्याच्या मळक्या कपड्यांचे होते काय? मराठी प्रवासवर्णनात स्नानाचे उल्लेख विपुल सापडतात, भोजनाचे तर रसभरित. धुण्याचा मात्र क्वचित, आणि आला तरी ओझरता. घरात जसे मळके कपडे दारामागच्या खुंटीवर किंवा मोरीच्या कोपऱ्यातल्या बादलीत दृष्टीआड राहतात, तसेच ते साहित्यातही राहिले असावेत. कोणती गोष्ट लिहिण्याजोगी आणि कोणती नव्हे, हे ठरविणाऱ्या अभिरुचीचा हा प्रश्न आहे, म्हणून तो येथे मांडावासा वाटतो.

वारीविषयीच्या लेखनात ही उणीव विशेष जाणवते. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात दिंडीतल्या वेगवेगळ्या पंगतींकडे बोट दाखविले. एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवताना मात्र जातीजातींनी वेगळी होतात, हे त्यांच्या समाजशास्त्रीय नजरेने नेमके टिपले. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’त (१९६४) मुक्कामाच्या गैरसोयी आणि चालणाऱ्यांचे थकलेपण आहे. या दोन्ही लेखनांमुळे वारीकडे भाबडेपणाने पाहण्याची आपली सवय मोडली. तरीही चुलीपासून थोड्या अंतरावर, ट्रकच्या दांड्याला बांधलेल्या दोरीपर्यंत मराठी गद्य फारसे पोहोचलेले नाही. पंगतीवरून जर समाज वाचता येतो, तर धुण्याच्या दोरीवरूनही तो वाचता यावा.

शेगावहून पंढरपुरास निघणारी श्रीगजानन महाराजांची पालखी आमच्या अकोल्यावरून जाते. नागझरी, पारस, मग अकोला. पुढे वाडेगाव, पातूर आणि घाट चढून वाशीम जिल्हा. तेथून परभणी, परळी, अंबाजोगाई, सोलापूर असा महिन्याहून अधिक दिवसांचा हा रस्ता आहे. पांढऱ्या वेशातले वारकरी, खांद्यावर पताका, शिस्तीच्या रांगा, हे दृश्य वऱ्हाडातल्या माणसाला पाठ असते. याच रस्त्याने काही लहान गावदिंड्याही चालतात. त्यांतल्या एका दिंडीबरोबर, उन्हाळी सुटी संपत आली की, आम्ही दोघी अकोल्यापासून पातूरचा घाट ओलांडेपर्यंतचे मुक्काम गेली काही वर्षे करीत आलो आहोत. ही दिंडी साठ-सत्तर माणसांची आहे आणि तिच्यासोबत एकच ट्रक असतो. ट्रकच्या तळाशी पातेली, गॅसच्या शेगड्या, धान्याची पोती. त्यावर तंबूंचे गुंडाळे आणि कनाती. त्यावर माणशी एक वळकटी आणि एक पिशवी. ज्यांचे पाय चालेनासे होतात, ती म्हातारी माणसे याच सामानावर बसून पुढच्या मुक्कामी जातात. म्हणजे हा ट्रक स्वयंपाकघर, कोठीघर, शयनगृह आणि धुण्याची जागा असे सगळे एकाच वेळी असतो. ज्या घराला भिंती नाहीत, त्या घरात मळके कपडे ठेवायचे कोठे, हा तेथे रोजचा प्रश्न आहे.

त्याची उत्तरे अनुभवाने ठरून गेलेली आहेत. कपड्यांचे जोड तीनच: एक अंगावर, एक दोरीवर आणि एक गाठोड्यात. गाठोड्यातल्या जोडाला वाटेत कोणी हात लावीत नाही. तो चंद्रभागेत स्नान करून दर्शनाला जाताना नेसायचा असतो. मळक्या कपड्यांसाठी खताचे विणलेले रिकामे पोते वापरतात. प्लास्टिकची सलग पिशवी दिसायला स्वच्छ, पण तिच्यात वारा खेळत नाही. पोत्याच्या विणीतून तो खेळतो. हे पोते ट्रकच्या आत कधीच जात नाही. ते बाहेरच्या कडीला, ताडपत्रीच्या कडेखाली टांगलेले असते, म्हणजे पाऊस लागू नये आणि वाराही अडू नये. घामाने भिजलेला कपडासुद्धा थेट पोत्यात टाकायचा नाही. आधी तो तासभर दोरीवर टाकून कोरडा करायचा, मगच मळक्यात घालायचा.

या शेवटच्या नियमाचे आम्हांस प्रारंभी नवल वाटले. जो कपडा धुवायचाच आहे, तो आधी वाळविण्याचा खटाटोप कशाला? दिंडीतल्या एका वृद्ध मावशींनी त्याचा उलगडा एका वाक्यात केला: “बाई, मयानं कपडा नासत नाही, वलीनं नासते. वल्ल्यात वायलं ठेवू नोका.” प्रमाण मराठीत सांगावयाचे तर, कपडा मळाने बिघडत नाही, ओलीने बिघडतो. हे शास्त्राला धरूनच आहे. कुबट वास येतो तो ओलसर, कोंदट जागी वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे आणि बुरशीमुळे. कोरडा मळका कपडा आठवडाभर तसाच राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. ओला कपडा मात्र एका रात्रीत सगळ्या गाठोड्याला वास लावतो. मावशींचा आणखी एक अनुभव असा की, हल्लीच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या तासाभरात वाळतात खऱ्या, पण घामाचा वास धरून ठेवतात. सुती नऊवारी वाळायला अर्धा दिवस घेते, आणि पिळून खांद्यावर टाकली तर म्हातारीचे कंबरडे मोडते. म्हणून चालताना कृत्रिम आणि पंढरपुरासाठी सुती, अशी वाटणी बायकांनी आपसांत करून टाकली आहे.

वऱ्हाडच्या भूमीने या प्रश्नात स्वतःची भर घातली आहे. मृगाचा पाऊस पडला की येथली काळी माती पायाला आणि धोतराच्या काठाला चिकटते. तिचे कण अतिशय बारीक असतात. ओल्यात चोळले की ते सुताच्या आत शिरतात आणि पांढऱ्यावर करडी छटा कायमची राहते. जाणते वारकरी चिखल ओला असताना त्याला हात लावीत नाहीत. तो वाळू देतात, झटकतात, ब्रशाने काढतात आणि मग कपडा पाण्यात घालतात. ज्या काळ्या मातीतून पांढरा कापूस निघतो, तीच माती त्या कापसाच्या वस्त्राला असे छळते. पाण्याची कथा आणखी वेगळी. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांस खारपाणपट्टा पसरला आहे. तेथल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. उलट साका धरतो आणि कपडा चिकट होतो. अशा मुक्कामी धुणे काढायचे नाही, नुसते वाळवून पुढे न्यायचे, हा दिंडीचा अलिखित दंडक आहे. नद्यांचाही आता फारसा भरवसा उरलेला नाही. अकोल्यातली मोर्णा जलकुंभीने इतकी भरली होती की २०१८ साली नागरिकांना तिच्या स्वच्छतेची मोहीम हाती घ्यावी लागली. म्हणून धुणे होते ते कूपनलिकेवर किंवा टँकरच्या पाण्यावर, बादल्या मोजून.

आता धुते कोण, हे पाहू. एकटे आलेले पुरुष आपले धोतर स्वतः धुतात. घरी मोरीकडे न फिरकणारा गृहस्थ येथे उकिडवा बसून साबण लावतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. वारीने दिलेली ही मोकळीक खरी आहे. परंतु ज्यांची पत्नी बरोबर आहे, त्यांचे धोतर न बोलता तिच्या बादलीत जाऊन पडते. तीही तेवढेच अंतर चालून आलेली असते. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेण्या वेचतो आणि धुणेही धुऊ लागतो. हे अभंग दिंडीत तल्लीन होऊन म्हटले जातात. गाणाऱ्यांपैकी किती जण त्यानंतर बादलीजवळ जाऊन बसतात, हे मात्र दोरीवरचे कपडे सांगू शकत नाहीत. तेथे सगळे सारखेच पांढरे दिसतात.

दुसऱ्याचा मळ धुणे हा ज्यांचा धंदा होता, त्यांना वऱ्हाडात वरठी म्हणतात. गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार अशी संतांची नामावळी आपण घोकतो. तीत परिटाची जागा रिकामीच वाटते. ती जागा फार उशिरा, पण आमच्याच भागातून भरली गेली. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे परीट कुटुंबात १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या आजोळी वाढले आणि १९०५ साली घर सोडून निघाले. पुढची सुमारे पन्नास वर्षे, म्हणजे १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वलगाव येथे देह ठेवीपर्यंत, हा मनुष्य चालत आणि फिरतच राहिला. हातात गाडगे आणि अंगावर चिंध्यांचे ठिगळलेले वस्त्र. कुठे लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत, कुठे गोधडेबुवा. शेवटी गाडगेबाबा हे नाव स्थिर झाले. पिढीजात दुसऱ्यांची वस्त्रे शुभ्र करणाऱ्या घरातला हा पुरुष स्वतः लक्तरे पांघरून गावोगावचे रस्ते झाडीत हिंडला, यातला अर्थ आमच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागत नाही. २००५ सालापासून आमच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. धर्मशाळा म्हटले की आपल्याला छप्पर आठवते. परंतु चालून आलेल्या गरिबाला छपराइतकेच पाणी, धुण्याचा दगड आणि कपडा पसरायला अंगण लागते. इतरांचे धुणे धुणाऱ्या घरात वाढलेल्या माणसास हे वेगळे सांगावे लागले नसेल.

मराठीत ‘लक्तरे वेशीवर टांगणे’ असा वाक्प्रचार आहे. घरातली उणीदुणी चारचौघांत मांडणे, म्हणजे नामुष्की, असा त्याचा अर्थ. वाक्प्रचार घडविणाऱ्याचे घर पक्के होते, भिंतींचे होते. म्हणून त्याला लक्तरे आत ठेवणे शक्य होते. ज्यांचे घर ट्रकवर असते, त्यांना ती सोय नाही. दिंडीची लक्तरे रोज संध्याकाळी अक्षरशः गावाच्या वेशीवरच टांगली जातात: ठिगळाचे धोतर, विरलेली चोळी, फाटका सदरा. त्यांत लाज नाही, कारण सगळ्यांचीच टांगलेली असतात. लाज उरते ती जे टांगता येत नाही त्याची.

या लेखाचे खरे कारण येथे आहे. पाळी आलेल्या बाईचे फडके त्या दोरीवर दिसत नाही. ते साडीच्या किंवा परकराच्या पदराखाली, दुहेरी झाकून, सावलीत वाळत घातलेले असते. किंवा ओलेच घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवलेले असते. ओलीने कपडा नासतो हे ज्या बायकांना सर्वांत चांगले कळते, त्यांनाच स्वतःचा हा एक कपडा उन्हापासून लपवावा लागतो, आणि मग खाज, जळजळ, जंतुसंसर्ग घेऊन त्या पुढचा मुक्काम चालतात. तरुण सुना पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेऊन येतात. काही जणी त्या भीतीने वारीच टाळतात. वारकरी परंपरेत सोयराबाईने देहाच्या विटाळाविषयी थेट देवालाच प्रश्न विचारला, त्याला काही शतके लोटली. तो अभंग आम्ही वर्गात शिकवितो आणि परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्नही येतो. दोरीपर्यंत मात्र तो अजून पोहोचायचा आहे. आळंदी-देहूच्या पालखीमार्गांवर राज्य महिला आयोगाने २०२२ मध्ये ‘आरोग्य वारी’ उपक्रम सुरू केला आणि सॅनिटरी नॅपकिनचा शब्द वारीच्या संदर्भात मोकळेपणाने उच्चारला गेला, हे चांगले झाले. गावदिंड्या मात्र लहान असतात, त्यांच्या वाटा वेगळ्या असतात, आणि नॅपकिन विकत घेणे किंवा वापरल्यावर टाकणे प्रत्येकीला सोपे नसते. फडके राहणारच आहे. प्रश्न त्याला ऊन मिळण्याचा आहे.

गेल्या खेपेस पातूरच्या मुक्कामी मावशींनी दिंडीच्या चालकांना दोन कनाती जास्त मागितल्या. कशाला, असे त्यांनी विचारले. “बायायच्या दोरीले,” एवढेच त्या म्हणाल्या. चालक क्षणभर थांबले, मग त्यांनी पोराला ट्रकवर चढविले. तंबूच्या पूर्वेस चारी बाजूंनी कनात लागली, वर मात्र काहीही झाकले नाही. सकाळी नऊपर्यंत तेथे चांगले ऊन येत होते. आता ती दोरी त्या दिंडीच्या सामानाच्या यादीत लिहिली गेली आहे, पातेल्यांच्या आणि ताडपत्रीच्या खाली, मावशींच्याच शब्दांत: दोरी, बायकांची, एक.