सेकंडहँडच्या खणाला आदरांजली

मोबाइलच्या दुकानातला सेकंडहँडचा खण आता राहिला नाही. मोठ्या शहरांत त्याचे भाऊबंद अजून धडधाकट आहेत. मुंबईत मनीष मार्केटच्या गल्ल्यांत किंवा पुण्यात बुधवार पेठेत गेलात तर ते भेटतीलही. पण आमच्या कराडात, स्टँडकडून बाजारपेठेत शिरताना जे दुकान जुन्या मोबाइलसाठी माझ्या ओळखीचं होतं, तिथला खण हळूहळू ओसरत गेला आणि एक दिवस रिकामा झाला. वापरलेले फोन जिथे पाठीला पाठ लावून उभे असायचे, तिथे आता इअरबडच्या डब्या आणि मनगटावरची स्मार्ट घड्याळं मांडली आहेत. याची कुठे बातमी आली नाही, येण्याचं कारणही नव्हतं. वय म्हणाल तर वीसेक वर्षांचं.

त्याच्या जन्माला थोडी पूर्वपीठिका आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि देशात मोबाइल सुरू झाला. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. असा फोन लोक चारचौघांत दाखवायला बाळगत. तो जुना झाला म्हणून विकायचा असतो हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. २००३ साली इनकमिंग फुकट झालं, त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० आला आणि मोबाइल दूधवाल्याच्या, वडापवाल्याच्या खिशात जाऊन बसला. पुढच्या दोन-तीन वर्षांत रंगीत पडदा आला, कॅमेरा आला, गाणी आली. आधीचा फोन अजून ठणठणीत होता, पण मालकाचं मन त्यावरून उडालं होतं. अशा फोनांना जागा हवी होती.

ती एसटीडी बूथवाल्यांनी दिली. बूथचा पिवळा फलक अजून उतरला नव्हता. खाली रिचार्जची कुपनं विकायला काचेचं टेबल आलं होतं. त्यात वरचा खण नव्या हँडसेटचा, मधला कव्हर-चार्जरचा आणि सगळ्यांत खालचा, गुडघ्याच्या उंचीचा, सेकंडहँडचा. तो बघायचा तर गिऱ्हाइकाला वाकावं लागे. त्याच्यासमोर वीस वर्षं माणसं वाकली; त्यात प्राध्यापक होते आणि हमालही होते.

लहानपणी त्याचं काम सोपं होतं. त्या काळातल्या फोनचं पाठीमागचं झाकण नखाने उघडायचं. बॅटरी काढा, घाला, फुगली आहे का ते टेबलावर ठेवून, भोवऱ्यासारखी फिरवून बघा. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत सूचना काढली तेव्हा गावभरचे लोक बॅटरी काढून त्यावरचा बारीक नंबर वाचून घ्यायला याच टेबलापाशी आले. दुकानदाराने चष्मा पुसत सगळ्यांचे नंबर वाचले, कुणाकडून रुपया घेतला नाही. पुढे चायना मोबाइलची लाट आली. २००९ च्या डिसेंबरपासून आयएमईआय नंबर नसलेले फोन बंद होणार म्हटल्यावर पुन्हा तोच जमाव, आणि त्या नंबरचे पंधरा आकडे पडद्यावर कसे आणायचे हे शिकवणारा पुन्हा तोच माणूस. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश हा मंत्र आमच्या गावाला त्याने दिला.

स्मार्टफोन आले आणि या खणाची खरी कारकीर्द सुरू झाली. तिथे फोन पारखायची एक रीत होती. फोन द्यायला आलेला माणूस तो काउंटरवर ठेवण्याआधी हमखास शर्टाला पुसायचा. दुकानदार काही न बोलता आधी कव्हर काढायचा, मग गार्डच्या कडेला नख घालून तोही उचलायचा. ट्यूबलाइटखाली पडदा तिरका धरायचा, म्हणजे समोरून न दिसणारे ओरखडे उठून दिसत. चारी कोपऱ्यांवर अंगठा दाबून कुठे डाग पसरतोय का बघायचा. चार्जरची पिन घालून हलवायची. हलताना चार्जिंग तुटलं की दोनशे कमी. एखादं गाणं मोठ्याने लावून स्पीकर फाटतोय का ऐकायचं. शेवटी पंधरा आकडे पडद्यावर आणून खोक्यावरच्या स्टिकरशी ताडून घ्यायचे. या सगळ्यात प्रश्न दोनच. "ओपन झालाय का?" आणि "बिल-बॉक्स आहे?"

भावाची बोलणी त्यानंतर. "तुम्ही बोला." "नाही, तुम्हीच बोला की." मग एक आकडा, मग "काय राव, एवढाच?" आणि मग "फोल्डर बदलायला लागला तर माझ्या हातात काय राहतंय, सांगा." पडद्याच्या सबंध भागाला हे लोक फोल्डर म्हणतात. मला घासाघीस कधी जमली नाही, पण दुसऱ्यांची ऐकत उभं राहायला आवडायचं. तिथे पाचशे रुपयांवरून अडलेला सौदा शेवटी एका गार्डवर आणि पाठीमागच्या कव्हरवर मिटायचा, आणि दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटायचं.

पैसे मोजून झाले की दुकानदार लगेच फोन आत ठेवत नसे. "फोटो काढून घेतले? कॉन्टॅक्ट? गुगलचं अकाउंट काढलं?" एकेक विचारायचा आणि गिऱ्हाईक ओशाळून पुन्हा बाकावर बसायचं. लग्नाचे, बारशाचे फोटो कॉम्प्युटरवर उतरत असताना चहा यायचा. तरीही लोक मेमरी कार्ड आतच विसरत. ती कार्डं एका प्लॅस्टिकच्या डबीत जपून ठेवलेली असत, प्रत्येकाला चिठ्ठी गुंडाळलेली, चिठ्ठीवर मालकाचं नाव. नखाएवढं कार्ड, त्यात कुणाचं काय असेल कोण जाणे. डबी सगळ्यांसमोर काउंटरवर असायची आणि त्यातलं कार्ड ज्याचं त्यालाच मिळायचं.

मग वही. लाल पुठ्ठ्याची, लांबट. तारीख, देणाऱ्याचं नाव, मॉडेल, पंधरा आकडे, सही. ओळखपत्राची झेरॉक्स त्याच पानाला टाचलेली. चोरीचा माल हातात येऊ नये म्हणून ठेवलेली ही वही होती, पण तिच्यात फोनांची वंशावळ आपोआप लिहिली जात होती. एखाद्या डॉक्टरांनी दोन वर्षं वापरलेला फोन इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा मुलगा नेई. तो चौथ्या वर्षाला नोकरी लागल्यावर परत आणून देई, मग तो भाजीच्या गाड्यावर जाई, आणि तिथून आला की "पार्टला" राही. त्याचा कॅमेरा एका फोनमध्ये, चार्जिंगची पट्टी दुसऱ्यात. हे सगळं त्या एका माणसाला माहीत असे. फोन विकणाऱ्याला मिळणारा भाव हा सौद्याचा अर्धाच भाग होता, असं मला वाटतं. आपला फोन पुढे कुणाकडे गेला हे विचारलं तर सांगणारा कुणीतरी होता, हा उरलेला अर्धा.

घेणाऱ्यांत ऊसतोडीची माणसं वेगळी सांगायला हवीत. गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या कृष्णाकाठच्या फडांत उतरतात. त्यांच्यातले नवरा-बायको संध्याकाळी उशिरा, पाचटाचे ओरखडे हातावर घेऊन दुकानात येत. त्यांना कॅमेरा किती मेगापिक्सेल याच्याशी घेणं नसे. आवाज मोठा पाहिजे, बॅटरी दोन दिवस पुरली पाहिजे, आणि गावाकडे आजीपाशी ठेवलेली पोरं पडद्यावर दिसली पाहिजेत. दुकानदार फोन देताना आजीचा नंबर सेव्ह करून, तिथूनच पहिला व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. महिन्याभराची गॅरंटी तोंडी असे. हंगाम संपल्यावर टोळी गेली तरी पुढच्या वर्षी तेच जोडपं तोच फोन घेऊन "सॉफ्टवेअर मारून द्या" म्हणत यायचं, आणि गॅरंटी अजून चालूच असायची.

या खणाने सगळ्यांत मोठी सेवा केली ती २०२० मध्ये. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये त्या मोबाइलवर उघडल्या. ज्या घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्या घराला अचानक दुसरा लागला; दोन मुलं असतील तर तिसरा. नव्याची ऐपत नव्हती आणि कामधंदे बसले होते. अर्धं शटर खाली ओढलेल्या त्या दुकानापुढे पालक खडूच्या गोलात उभे असत. आठवड्यातच खण रिकामा पडला. तेव्हा दुकानदाराने लाल वही उघडली आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावत गेला: "घरात एखादा पडून असेल तर आणता का?" कपाटांतून, ड्रॉवरांतून, देवघराच्या फडताळातून विसरलेले फोन बाहेर आले. काहींनी पैसे घेतले, काहींनी "कुणा पोराला द्या" म्हणून नुसते ठेवले. दुरुस्तीच्या टेबलावर रात्री उशिरापर्यंत दोन बंद फोनांतून एक चालू फोन निघत होता. दीक्षा अ‍ॅप बसेल एवढी जागा मोकळी करून, शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून, मगच तो पोराच्या हातात पडायचा. त्या वर्षी कराडच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जी मुलं वर्गात "हजर मॅडम" म्हणू शकली, त्यातल्या कित्येकांचा आवाज या खालच्या खणातून गेला होता.

त्याआधीच खणाची प्रकृती उतरणीला लागली होती, हे नंतर लक्षात आलं. फोनची पाठ कायमची बंद झाली, बॅटरी आतून चिकटवलेली आली. आयफोनमध्ये २०१३ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून अशी कुलुपं आली की पहिल्या मालकाचा पासवर्ड नसेल तर रिसेट केलेला फोन उघडतच नाही. चोरांना आळा बसला, हे चांगलंच झालं; पण पासवर्ड विसरलेल्या आजोबांचा फोनही त्याच कुलुपात अडकला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि खणातले थ्रीजी फोन एका दिवाळीत म्हातारे झाले. पुढे नवा फोन हप्त्यावर सहज मिळू लागला. जुना फोन ऑनलाइनच देता येऊ लागला: अ‍ॅप आपणच पडदा, माइक, कॅमेरा तपासतं, भाव दाखवतं, नवा फोन घेऊन आलेला मुलगा दारातच जुना बघतो आणि पाकिटात घालून नेतो. यात घासाघीस नाही, उन्हात जाणं नाही, कमीपणा वाटणं नाही. माझ्या घरातले शेवटचे दोन फोन असेच गेले आणि सोय म्हणून मला त्यात खोट काढता येत नाही. २०२३ पासून संचार साथी पोर्टलवर पंधरा आकडे टाकले की फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते कुणालाही घरबसल्या कळतं. लाल वही जे काम बोटभर पेनाने करायची त्यातलं बरंचसं असं सरकारच्या हाती गेलं, आणि ते देशभर होऊ लागलं.

दुकानदाराने कुणाबद्दल तक्रार केली नाही. नव्या फोनला गार्ड लावायला तीच माणसं येतात, असं तो म्हणतो. शेवटी खणात तीन फोन राहिले होते. दोन त्याने पार्टला ठेवले. तिसरा दुकानासमोर चप्पल शिवणाऱ्या बाईंच्या मुलीला नर्सिंगला जाताना दिला, आणि तोही वहीत रीतसर लिहिला.

खणाच्या पश्चात दुरुस्तीचं टेबल, त्यावरची हॉट-एअर गन, गार्ड-कव्हरांनी भरलेली भिंत, लाल वह्या आणि मेमरी कार्डांची डबी असा परिवार आहे. वह्या टाकायला दुकानदार तयार नाही. कधी पोलिसांकडून विचारणा झाली तर दाखवाव्या लागतील, एवढंच कारण तो देतो. डबीतल्या चिठ्ठ्यांवर ज्यांची नावं आहेत त्यांनी आपापली कार्डं दुकानाच्या वेळेत, सकाळी दहा ते रात्री नऊ, येऊन न्यावीत, असा त्याचा निरोप आहे. ओळखपत्र लागणार नाही, तो चेहऱ्याने ओळखतो.