खुराडं घराबाहेर गेलं

श्रावणातल्या एका पहाटे माझ्या २३ कोंबड्यांपैकी १९ कुत्र्यांनी मारल्या. खाल्ल्या दोनच. बाकीच्या गोठ्याच्या कडेला, तुळशीमागं, हौदाजवळ पडलेल्या होत्या आणि ओल्या मातीत सगळीकडं पिसं. सेलू तालुक्यातलं, दुधनेच्या काठचं आमचं गाव. असं दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या अंगणात होतं. लोक हळहळतात, कुत्र्यांना शिव्या देतात आणि बाजारातून नवी पिल्लं आणतात. मीही तेच केलं असतं.

"कडी घातली होती हो मी. दोनदा बघितली होती," मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगत होते. त्या खुराड्याभोवती एक फेरी मारून आल्या होत्या.

"कुत्रं दारातून येत नसतंय, माय. खाली बग."

पत्र्याच्या पेटीच्या मागच्या बाजूला काळ्या मातीत दीड वीत रुंद भोक होतं. एवढ्यातून कुत्रं आत जातं यावर आधी विश्वास बसेना. पण कडेच्या पत्र्याला त्याचे भुरे केस चिकटलेले होते.

त्या दिवशी मी एक मेलेली कोंबडी पिशवीत घालून परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेली. कुत्र्याचंच काम आहे की दुसऱ्या कशाचं, ते मला पक्कं करायचं होतं. डॉक्टरांनी पाठीवरची कातडी सोलून दाखवली. वरून दाताच्या दोन-तीन खुणा, आत मात्र सगळं रक्त साकळलेलं, बरगड्या मोडलेल्या. कुत्रं पाठ धरतं, जोराचा झटका देतं, सोडतं आणि पुढच्या फडफडणाऱ्या कोंबडीकडं वळतं. भूक लागली म्हणून ते इतक्या मारत नाही. समोर काहीतरी पळतंय, ओरडतंय, एवढं त्याला पुरतं. मुंगूस मानेला धरतं. रानमांजर एकच उचलतं आणि मागं चार पिसं ठेवतं. तेव्हापासून अंगणात कोंबडी मेली की मी आधी तिची पाठ आणि मान बघते, मगच ठरवते की कुठं दुरुस्ती करायची.

आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हे घर माळवदाचं होतं. भिंती अडीच हात जाड, पांढऱ्या मातीच्या. ओट्याखाली, दाराच्या डाव्या अंगाला भिंतीतच खुराडं होतं, तोंडाशी दगडी फरशी. दिवस मावळला की कोंबड्या आपोआप आत जायच्या, फरशी सरकवायची, वर ओट्यावर माणसं झोपायची. कुत्र्याला उकरायला जागाच नव्हती, कारण खुराड्याचा पायथा तोच घराचा पायथा होता. पुढं माळवद पडलं, स्लॅबचं घर झालं. नव्या घराच्या नकाशात कोंबडीला जागा नव्हती. घरकुलांच्या नकाशातही मला ती कुठं दिसली नाही. कोंबडी पत्र्याच्या पेटीत, अंगणाच्या टोकाला गेली. आमच्या गावात कुत्र्यांनी कोंबड्या मारण्याचं प्रमाण वाढलं ते कुत्री वाढली म्हणून, असं सगळे म्हणतात. ते काही अंशी खरं असेल. पण आपण कोंबडी भिंतीच्या आतून काढून उघड्या मातीवर ठेवली, हे त्याआधीचं कारण आहे.

आणि माती आमची काळी. परभणीच्या या मातीनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुत्र्यांनीही नाही. पहिल्या वर्षी मी कुणाच्या तरी सांगण्यावरून खुराड्याभोवती दीड फूट खोल चर खणून त्यात जाळी पुरली. मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, खांब हलू लागले, जाळी वाकून वर आली. पावसाळ्यात तीच माती फुगली आणि जाळी एका अंगाला ढकलून दिली. दुसऱ्या वर्षी जाळीला गंज. मुरमाड रानात पुरलेली जाळी टिकत असेल. काळ्या रानात ती टिकत नाही.

मग मी जाळी पुरण्याऐवजी अंथरली. खुराड्याच्या पायथ्याला तारेनं बांधायची आणि बाहेरच्या बाजूला दोन फूट जमिनीवर सपाट पसरायची. वर काळे दगड, शहाबादी फरशीचे तुकडे. एका पावसाळ्यात त्यातून हरळी उगवते आणि जाळी जमिनीला धरून बसते. कुत्रं नेहमी भिंतीला नाक लावून, अगदी कडेलाच उकरतं. दोन फूट मागं सरकून तिथून खणायला सुरुवात करावी, हे त्याच्या डोक्यात येत नाही. पंजे तारेला लागतात, थोडा वेळ खटपट करतं आणि निघून जातं. सकाळी ओरखडे दिसतात, बस.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. बाजारात कोंबड्यांची म्हणून मिळणारी षटकोनी पातळ जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, पण कुत्रं ती दातात धरून फाडतं. वेल्डमेश घ्यावी. खालचे दोन फूट विटांचे बांधावेत, म्हणजे बाहेरून कोंबड्यांची हालचाल दिसत नाही. वरचा भाग मात्र उघड्या जाळीचाच हवा. इथं उन्हाळ्यात पारा ४२च्या पुढं जातो. कुत्र्याच्या भीतीनं चारी बाजूंनी पत्रा ठोकला तर कोंबड्या चोच वासून उकाड्यानंच मरतात. दाराला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या, कारण एकाच कडीचं दार खालच्या कोपऱ्यातून पंजानं ओढलं जातं.

पण श्रावणाकडं पुन्हा यायला हवं, कारण माझ्या जवळजवळ सगळ्या मोठ्या हानी श्रावणातल्या आहेत. आखाडात घरोघरी कोंबडा शिजतो. चिकनच्या दुकानांमागं, रस्त्याच्या कडेला आतडी आणि पिसांचे ढीग पडतात. महिनाभर कुत्र्यांची टोळी तिथं पोसली जाते आणि तिला कोंबडीची चव, कोंबडीचा वास पक्का होतो. मग श्रावण लागतो, दुकानं थंडावतात, ढीग बंद होतात. त्याच वेळी माती ओली, उकरायला लोण्यासारखी. आणि घराला लागून कापूस, तूर कमरेएवढी वाढलेली, लपून यायला आडोसा. हे तिन्ही एकत्र येतं तेव्हा मी रोज संध्याकाळी पायथ्याभोवती फेरी मारते. दुसरा वाईट काळ दसऱ्यानंतरचा. सगळे वेचणीला रानात, घरं दिवसभर ओस. गंगाखेड, सोनपेठकडची कितीतरी माणसं ऊसतोडीला जातात, आणि जी कुत्री मागं राहतात त्यांना भाकरीचा तुकडा टाकणारं कुणी उरत नाही. त्या कुत्र्यांचा मला राग येत नाही.

संध्याकाळची अर्धी घटका मात्र कुणी हलक्यात घेऊ नये. कोंबडीला अंधारात दिसत नाही आणि तिची मूळ जात, लाल रानकोंबडी, रात्री झाडावर बसते. म्हणून गावरान तलंगा लिंबावर चढू पाहतात. चढल्या तर मी ओढून काढत नाही, पंखही कापत नाही. तेवढंच एक शस्त्र तिच्याकडं आहे. धोका असतो तो खुडूक कोंबडीला. ती २१ दिवस अंड्यावरून हलत नाही, आणि कधीकधी चोरून कडब्याच्या गंजीखाली बसते. मी दिवेलागणीला मोठ्यानं मोजते. एक कमी भरली तर बॅटरी घेऊन गंजी, चूल, नांगराखाली सगळं शोधते. माझ्या निम्म्याहून जास्त एकट्या मेलेल्या कोंबड्या खुडूक होत्या.

जानेवारी २०२१मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात दोन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं आणि एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जिल्हाभर धास्ती होती. तेव्हा पहिल्यांदा गावोगाव सांगितलं गेलं की मेलेला पक्षी उघड्यावर टाकू नका, खड्ड्यात चुना घालून पुरा. ते ऐकताना माझ्या लक्षात आलं की मानमोडीनं मेलेली पिल्लं आम्ही आजवर उकिरड्यावर टाकत आलो होतो. रोग तर पसरतच होता. पण त्याच उकिरड्यावर गावच्या कुत्र्यांना आम्ही स्वतःच्या हातानं कोंबडी खायला शिकवत होतो. पूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडं उतरायची, दुसऱ्या दिवशी हाडंच उरायची. जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकनं गिधाडं संपली. ते औषध जनावरांसाठी २००६मध्ये बंद झालं तोवर उशीर झाला होता. गिधाडांची जागा कुत्र्यांनी घेतली.

एकोणीस कोंबड्या गेल्या त्या आठवड्यात मला एकानं विषाची पुडी आणून दिली होती. मी ती घेतली नाही. त्याआधी एका वाड्यावर असं विष घातलेलं मी पाहिलं होतं. कुत्रं ओकलं, ते ओकलेलं त्यांच्याच कोंबड्यांनी टिपलं, आणि संध्याकाळपर्यंत कुत्रं, सहा कोंबड्या, दोन कावळे असे एका रांगेत पडले होते. जनावराला विष घालणं १९६०च्या कायद्यानं गुन्हा आहे. २०२३चे नियम सांगतात की भटक्या कुत्र्यांची नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी आणि पकडलं तिथंच परत सोडावं, आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थांची आहे. आमच्या गावात त्यासाठी कुत्री पकडणारी गाडी अजून आलेली नाही. ग्रामसभेत दरवर्षी मी हा विषय काढते, यंदाही काढीन.

एक सांगायचं राहिलं. कुत्र्याच्या तोंडातून कोंबडी हातानं सोडवू नका. मी एकदा सोडवली आणि मनगटावर दात लागला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुतला आणि तसंच लशीसाठी दवाखाना गाठला. कोंबडी वाचली नाही.

आत्याबाई गेल्या त्याला चार वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात जावेचं घर नव्यानं बांधलं, तेव्हा मी गवंड्याला ओट्याखाली, भिंतीच्या आत अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा सोडायला लावली. तळाला फरशी, तोंडाला वेल्डमेशचं दार. खर्च दोन पोती सिमेंटचासुद्धा आला नाही. या पावसाळ्यात तिची एकही कोंबडी गेली नाही. तुम्ही घर बांधत असाल आणि दारात कोंबड्या असतील, तर पाया भरतानाच गवंड्याला तेवढी जागा सोडायला सांगा.