शेगडी निवडताना

कोलोरॅडोच्या डोंगरात लेकीचं घर. बर्फात वीज गेली की लाकडाच्या शेगडीचाच आधार. पण जुनी शेगडी धुरकट, आणि नातवाला दमा. नवी कोणती घ्यावी यावर फोनवर रोज खल!

२०२० पासून तिकडे नव्या शेगडीला धुराच्या कणांची मर्यादा तासाला २ ते २.५ ग्रॅम, चाचणीच्या पद्धतीप्रमाणे. उत्प्रेरक जाळीची शेगडी मंद आचेवर रात्रभर तगते, पण काही वर्षांनी जाळी बदलावी लागते. बिनजाळीची वापरायला सोपी.

जावईबापूंना मोठीच हवी होती. मी म्हटलं, "मोठी शेगडी हवा कोंडून चालवली की धुमसणारच. घरापुरती घ्या, आणि लाकूड वाळवा. ओल २० टक्क्यांखाली हवी."

चुलीपुढचे आईचे लाल डोळे मी पाहिलेत. असो. शेवटी मध्यम, बिनजाळीची ठरली.