बेगमी

ओहायो राज्याचं अधिकृत पेय टोमॅटोचा रस आहे. थट्टा नाही, १९६५ साली रीतसर ठरवलंय तसं. कोलंबसला राहायला आलो तेव्हा हे कळल्यावर मी आणि बायको पोट धरून हसलो होतो. पुढे कळलं की आमच्या जवळच रेनल्ड्सबर्ग नावाचं गाव आहे आणि तिथल्या अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन नावाच्या गृहस्थानं १८७० साली 'पॅरगॉन' नावाचं टोमॅटोचं वाण बाजारात आणलं. त्याआधीचे टोमॅटो म्हणे वेडेवाकडे, खाचाखोचांचे असायचे. हा गोल आणि गुळगुळीत. म्हणजे आपण चित्रात काढतो तो टोमॅटो इथला!

तर अशा पुण्यभूमीत परसात चार वाफ्यांची जागा असताना टोमॅटो न लावणं म्हणजे पापच. दरवर्षी लावतो. मे महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे इथला मदर्स डे, उलटला की रोपं बाहेर न्यायची, कारण तोवर दहिवराचा भरवसा नसतो. आणि ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा दहिवर. मधे जेमतेम पाच महिने. ऑफिसातल्या डेडलाइनला निदान समोर एक मॅनेजर असतो, त्याच्याशी घासाघीस करता येते. इथे एका रात्री पारा शून्याखाली जातो आणि सकाळी झाडं उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी पडून लोंबत असतात. संपला प्रोजेक्ट.

२०२२ साली मेच्या सुरुवातीला आई आली. विमानतळावर सहा महिन्यांचा शिक्का मिळाला, म्हणजे नेमका बागेचाच मोसम. आई गुहागरकडची. तिच्या लहानपणी मे महिन्यात आगोटीची तयारी चालायची. पाऊस लागला की चार महिने काही मिळायचं नाही, समुद्र नारळीपौर्णिमेपर्यंत बंद. म्हणून सुकट-बोंबील, आमसुलं, फणसाची साठं, माती फासून ठेवलेल्या आठळ्या, सांडगी मिरच्या, लोणच्याच्या बरण्यांना दादरे, पडवीत लाकूडफाटा आणि शेणी. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि (आपल्या पिढीच्या सवयीप्रमाणे) त्यावर मनातल्या मनात गुलाबी रंग चढवून ठेवलाय. मी तिला म्हटलं, "आई, इथेही तसंच असतं बघ, फक्त पावसाऐवजी बर्फ."

"काय तसंच असतं? दहा मिनिटांवर दुकान आहे तुझं. जानेवारीतसुद्धा टोमॅटो ठेवतात. आम्ही काय हौस म्हणून करत होतो होय रे? श्रावणात कणगीत हात घातला की तळ लागायचा. तेव्हा आई माझी आधी माणसं मोजायची, मग तांदूळ."

यावर मी काय बोलणार? हिशेबाच्या दृष्टीनं तिचंच खरं होतं. त्या वर्षी मोठा डबा भरून टोमॅटो दोन-अडीच डॉलरला मिळत होते. माती, खत, रोपं, बरण्या आणि दरवेळी नव्या लागणाऱ्या झाकणांचे पैसे मांडले तर माझी एक बरणी त्याहून महाग पडते, आणि त्यात माझे शनिवार-रविवार धरलेलेच नाहीत.

पण हे बोलून झाल्यावर तिनंच पदर खोचला. ऑगस्टमध्ये नऊ झाडांनी अक्षरशः हैदोस घातला होता. रोज टोपलीभर. शेजारच्या आजींनी त्यांचा निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा एनॅमलचा हंडा आणून दिला. या आजी ऐंशीच्या पुढच्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरोघरी भाजीचे मळे केले होते, १९४३च्या सुमाराला साधारण दोन कोटी. साखरेचं रेशनिंग असताना फळं बरण्यांत भरण्यासाठी जादा साखर मिळायची. त्यांच्या आईनं त्या काळात भरलेल्या काही बरण्या रिकाम्या होऊन अजून त्यांच्या तळघरात आहेत. आईला इंग्रजी येत नाही, आजींना मराठी येण्याचा प्रश्नच नाही. पण दोघी टोमॅटो हातात घेऊन दाबून बघत होत्या आणि एकसारख्याच माना हलवत होत्या.

पहिली ठिणगी लिंबावरून पडली.

बरणी भरताना एक लिटरच्या आसपासच्या बरणीला दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालायचा, आणि तोही बाटलीतला. ताजा नाही. आई खवळलीच. "घरात लिंबं असताना बाटलीतलं?" आता इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. मंडळी, हे जरा नीट सांगतो, कारण हल्ली हौसेनं बरण्या भरणाऱ्यांनी ते माहीत करून घ्यायलाच हवं. मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू पाणी उकळून मरत नाहीत. हवाबंद, कमी आंबट जागा मिळाली की तो वाढतो आणि जे विष तयार करतो ते माणसाचे स्नायू लुळे पाडतं. वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. पीएच ४.६ च्या खाली असेल तर मात्र तो वाढू शकत नाही. टोमॅटो नेमका या रेषेवर बसलेला. काही वाणं अलीकडे, काही पलीकडे. म्हणून वरून आंबट घालायचं. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, बाटलीतला ठरलेला असतो. बस, एवढंच कारण. बटाटे, घेवडा, मका असल्या आंबट नसलेल्या भाज्यांना नुसतं उकळत्या पाण्यात ठेवून भागत नाही, त्यांना ११६ अंशांपर्यंत नेणारा खास प्रेशर कॅनर लागतो. आमच्यापासून तासाभराच्या आत असलेल्या लँकॅस्टर गावात २०१५च्या एप्रिलमध्ये एका सामुदायिक जेवणात घरी बरणीत भरलेल्या बटाट्यांची कोशिंबीर होती. बटाटे साध्या उकळत्या पाण्यात केलेले. २९ जण आजारी पडले, एक बाई गेली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे कैरीचं लोणचं टिकतं ते कैरी आंबट म्हणून. तेल नुसतं बुरशीला."

अगदी बरोबर! मला हे कळायला सरकारी पुस्तिका वाचावी लागली होती. ती कच्चा लसूण तेलात बुडवून तळघरात ठेवणार होती, तो बेत तिनं आपणहून बदलला. लसूण लिंबाच्या रसात आणि मिठात मुरवला आणि बरणी सरळ फ्रिजमध्ये. त्यात मात्र ताजी लिंबं पिळली, माझ्याकडे बघत बघत.

बाकी काम तसं रटाळ. टोमॅटो मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, सालं सुटतात. कुस्करून गरम करायचे, वर अर्धा इंच जागा सोडून भरायचे, झाकण लावून हंड्यात पंचेचाळीस मिनिटं. एका वेळी सात बरण्या. बाहेर काढून टेबलावर ठेवल्या की गार होता होता आतली हवा आकसते आणि झाकण खाली ओढलं जाऊन 'टक्' असा आवाज येतो. आई रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या टक् मोजायची. सातवा आल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पारा उतरला. आदल्या संध्याकाळी टॉर्च लावून उरलेले हिरवे टोमॅटो उतरवले. थोडे कागदात गुंडाळून पिकायला ठेवले, थोड्यांची दाण्याचं कूट घालून चटणी, बाकीच्यांचं व्हिनेगरमधलं लोणचं. एकूण हिशेब असा: टोमॅटोच्या २८ बरण्या, सफरचंदाच्या गराच्या ७, लोणच्याच्या ६. झाल्या ४१. शिवाय ११ भोपळे. जायच्या आधी आईनं एका रिकाम्या वाफ्यात लसणाच्या सत्तर पाकळ्या टोचल्या आणि वर पेंढा घातला. इकडचा लसूण थंडीत जमिनीखाली राहतो आणि जुलैत काढतात. "तेव्हा मी नसेन," म्हणाली, "पण तुम्ही असाल." नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती परत गेली.

२०२३च्या जानेवारीत एका मंगळवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिन होईना. पाचच मिनिटांत फोनवर ईमेल आली. त्या महिन्यात हे इतक्या जणांचं झालं की त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. पण मी एच-१बी व्हिसावर. नोकरी गेल्यापासून साठ दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं माझ्यासाठी अर्ज दाखल केला तर ठीक, नाहीतर बहुतेक गाशा गुंडाळायचा. घर, मुलीची शाळा, सगळं.

बायको त्या दुपारी तळघरात गेली आणि वर येऊन फ्रिजवर कागद चिकटवला. दिवस ६०, बरण्या २९. मला आधी हसू आलं, मग नाही आलं. बरण्यांनी घराचा हप्ता भरला जात नाही हे तिलाही ठाऊक होतं. दोन महिन्यांत फार तर पन्नास-साठ डॉलर वाचले असतील. पण त्या घरात तेव्हा मोजता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आमच्या हातात होती. बाकी सगळे 'कळवतो' म्हणणारे लोक होते.

आईला सांगितलं नव्हतं. ती दर रविवारी व्हिडिओवर विचारायची, बरण्या किती उरल्या? मी खरा आकडा सांगायचो, त्यात काय लपवायचं? फेब्रुवारीतल्या एका रविवारी सतरा सांगितल्या. ती गप्प झाली. मग म्हणाली, "महिन्याभरात बारा? डिसेंबरात आठवड्याला एक जात होती. दुपारचा घरी जेवतोस का रे तू?"

सांगावं लागलं. रडली नाही, देवाधर्माचंही काही काढलं नाही. पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, "भोपळे किती आहेत? ते आधी संपवा. बरण्या टिकतात, भोपळा मार्चनंतर टिकायचा नाही."

आम्ही भोपळे आधी संपवले. घारगे, भरीत, सांबार, परत भरीत. मुलगी अजून भोपळ्याचं नाव काढू देत नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी होकार आला आणि पंचावन्नाव्या दिवशी अर्ज दाखल झाला. मांडणीवर चार बरण्या होत्या. त्याच आठवड्यात वाफ्यातला पेंढा बाजूला सारला तर लसणाची हिरवी टोकं बोटभर वर आली होती.

जुलैत काढला. सत्तरपैकी सहासष्ट गड्डे. गॅरेजमध्ये जुड्या बांधून टांगले आणि आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "छान झालेत," म्हणाली. "बियाण्याला किती बाजूला काढलेस? मोठे मोठे काढ. खायला बारके चालतात."