पत्ता पूर्ण लिहावा

परगावी जायचे ठरले की आपल्या घरात पहिला प्रश्न निघतो, "तिकडे आपले कोण आहे?" मावशी, साडू किंवा गाववाला कोणी असला तर प्रवास ठरतो, नसला तर राहून जातो. दीक्षाभूमीला गेलो की मंडपात नाहीतर शाळेच्या वर्गात पथारी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी माणसे शिवाजी पार्कवर अंग टाकतात. पैसे मोजून खोली घेणे आपल्या हिशेबात बसत नाही. 'हॉटेल' म्हणजे चहा-भजी मिळण्याची जागा, आणि 'लॉज' हा शब्द तर बायका-मुलांपुढे काढूच नये, असा आपला समज.

आमचाही तोच समज होता. आम्ही एका खाजगी कचेरीत हिशेब लिहितो आणि रविवारी मनवेलपाड्याच्या विहारात मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. या वर्गात बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन मराठीत वाचून झाले. आमची थोरली अकरावी कॉमर्सला आहे. ती म्हणाली, "पप्पा, बडोद्याची ती बाग आपण बघून येऊ या." मुंबई सेंट्रलपासून बडोदे ३९२ किलोमीटर, आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर. तरीही बेचाळीस वर्षांत आम्हाला तिथे उतरावेसे वाटले नव्हते, कारण तिथे आपले कोणी नाही.

सौ. म्हणाल्या, "अहो, सकाळी जाऊ आणि रात्री परत येऊ. उगाच लॉजला पैसे कशाला?" पण विरारहून लोकलने बोरिवली, तिथून पुढची गाडी, आणि तसेच परतायचे म्हटले तर सारा दिवस डब्यातच जाणार. मुलगा पाचवीत आहे, त्याला एवढे झेपणार नाही. शेवटी दोन रात्रींचा मुक्काम ठरला, आणि गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे निघालो.

निघण्यापूर्वी कचेरीतल्या एका फिरतीवर जाणाऱ्या सहकाऱ्याने दोन गोष्टी बजावल्या होत्या. स्टेशनबाहेर "साहेब, चांगला लॉज दाखवतो" म्हणणाऱ्याच्या मागे जायचे नाही. त्याचे कमिशन आपल्याच भाड्यात चढते. आणि सामान व मुलांना घेऊन खोली शोधायची नाही. हातात बॅगा आणि कडेला पेंगणारे मूल दिसले की काउंटरवरचा माणूस ओळखतो, हे गिऱ्हाईक आता पुढे जाणार नाही. म्हणून सौ. आणि मुलांना स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसवून आम्ही रिकाम्या हाताने सयाजीगंजात शिरलो. स्टेशनला लागूनच ही वस्ती आहे आणि लहान-मोठे लॉज तिथे पुष्कळ आहेत. तीन ठिकाणच्या खोल्या पाहिल्या आणि वहीत टिपून घेतल्या.

पहिल्या ठिकाणी भाडे कमी होते, पण खोलीला खिडकी नव्हती. दुसरे ठिकाण नवे, काचेच्या दाराचे. तिथे भाडे ऐकूनच आम्ही जिना उतरलो. तिसऱ्याने मात्र मन जिंकले. जुनी दुमजली इमारत, लाकडी जिना पुसून लख्ख, वर लांब गॅलरी. चादरी धुवट पण स्वच्छ. खोली ९०० रुपये, जादा गादीचे १५०. मालक स्वतः गल्ल्यावर बसलेले आणि चक्क मराठी बोलणारे. गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात मराठी कुटुंबे आहेतच. परक्या गावात आपली भाषा कानी पडल्यावर आम्ही निम्मे विरघळलो.

आधार कार्डावरचा फोटो आणि आमचा चेहरा त्यांनी पडताळून पाहिला. मग रजिस्टर पुढे सरकवीत सहज विचारले, "आपण कुणापैकी?"

आमचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. त्यावरून काही कळत नाही. तोवर सौ. आणि मुलांनाही आम्ही स्टेशनवरून आणले होते. थोरली शेजारीच उभी होती. आम्ही म्हणालो, "आम्ही कोकणातले." मालक हसले. "वा! आमच्याकडे चांगलीच माणसं उतरतात," म्हणाले. मग आम्ही रजिस्टरात पत्ता लिहिला. घरी येणाऱ्या प्रत्येक पत्रावर आमचा पत्ता असतो : चाळीचे नाव, बुद्धविहाराजवळ, मनवेलपाडा रोड, विरार पूर्व. त्या दिवशी आम्ही लिहिले : मनवेलपाडा रोड, विरार पूर्व.

खोली छान होती. गरम पाणी आले, मुलगा गादीवर उड्या मारून झोपला. थोरली मात्र गॅलरीत उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पप्पा, तुम्ही विहार का नाही लिहिला?"

आम्ही म्हणालो, "अगं, एवढीशी तर जागा असते लिहायला." ती काही बोलली नाही. आम्हालाही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमाटीबागेत गेलो. सयाजीबागेचे हे जुने नाव. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ही बाग केली. आतच १८९४ साली बांधलेले बडोद्याचे वस्तुसंग्रहालय आहे. स्टेशनपासून चालत जाता येते. संकल्पभूमी म्हणून आपला समाज ज्या जागेला वंदन करतो, ती याच बागेत. थोरलीने वर्गात जे वाचले होते ते तिने धाकट्याला तिथेच बसून सांगितले. ते आपणा सर्वांना ठाऊक असले, तरी लॉजच्या गोष्टीत ते पुन्हा सांगायला हवे.

१९१७ साल. बाबासाहेब अमेरिकेतून आणि इंग्लंडातून शिकून आलेले. शिष्यवृत्ती देणाऱ्या बडोदे संस्थानची नोकरी करायची म्हणून ते या शहरात उतरले, आणि पहिला प्रश्न पडला तो हाच : राहायचे कुठे? हिंदूंच्या विशी, म्हणजे खाणावळ-मुक्कामाच्या जागा, आपल्याला घेणार नाहीत हे ते जाणून होते. म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. तिथल्या रखवालदाराला कळले की हे पारशी नाहीत. पण धर्मशाळा ओस पडलेली आणि त्यालाही चार पैसे हवे होते. रोजचा दीड रुपया ठरला, आणि रजिस्टरात नाव पडले ते एका पारशाचे. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेला मोठा दालन, विजेचा दिवा नाही, रात्री सोबतीला एक कंदील. दिवसा ते अकौंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी करीत आणि संध्याकाळी त्या अंधारात परतत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची मुदत मिळाली. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी या बागेत काढला. सामान न्यायला ते धर्मशाळेत गेले तेव्हा रखवालदार गप्प होता आणि तेही गप्प होते. बिल चुकते करून ते निघाले. २३ सप्टेंबर हा दिवस त्या आठवणीने संकल्प दिन म्हणून पाळला जातो.

धाकट्याने विचारले, "पण दुसऱ्याचं नाव का लिहिलं त्यांनी?" थोरली म्हणाली, "तेव्हा दुसरा मार्गच नव्हता रे." आणि तिने आमच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

बाबासाहेबांपुढे दुसरा मार्ग नव्हता, हे खरे. आमच्यापुढे होता. त्यांनीच तो करून ठेवला आहे. संविधानाच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने आणि उपाहारगृहांबरोबर 'हॉटेल' हा शब्द स्पष्ट लिहिला आहे : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला तिथे अडवता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने अशी मनाई हा गुन्हा ठरवला, आणि १९७६ मध्ये त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. हे सारे आम्ही रविवारच्या वर्गात फळ्यावर लिहून देतो. आणि एका गोड बोलणाऱ्या माणसाने विचारल्याबरोबर आम्ही आपल्या पत्त्यातला एक शब्द गिळला. कोणी काठी उगारली नव्हती. फक्त गॅलरीची खोली हातची जाऊ नये, एवढेच आमच्या मनात होते.

बागेतून परतल्यावर सौ.च म्हणाल्या, "अहो, दुसरीकडे बघू." एका रात्रीचे पैसे चुकते करताना मालकांनी विचारले, "का, काही गैरसोय झाली?" आम्ही म्हणालो, "सोय उत्तम होती. काल आपण विचारलेत, त्याचे उत्तर द्यायचे राहिले होते. आम्ही बौद्ध आहोत." त्यांनी मान खाली घालून सुटे पैसे मोजले आणि पुढे ठेवले. त्यांच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. कदाचित आधीच सांगितले असते तरी त्यांनी खोली दिली असती. ते कळण्याची संधी आम्हीच घालवली.

दुसरा लॉज दोन गल्ल्या पुढे मिळाला. गॅलरी नव्हती, पण खिडकीबाहेर कडुलिंब होता. गल्ल्यावर एक वयस्क गुजराती बाई. "कितने लोग? गरम पानी सुबह छह से नौ," एवढेच त्या म्हणाल्या. रजिस्टर थोरलीने ओढून घेतले आणि पत्ता लिहिला. चाळीचे नाव, बुद्धविहाराजवळ, सगळे. जागा पुरली नाही तेव्हा शेवटचा 'पूर्व' तिने समासात लिहिला. बाईंनी वाचले, किल्ली दिली आणि सांगितले, कोपऱ्यावर सेव-उसळ चांगली मिळते. खरोखरच चांगली होती.

आता आमच्या वहीतले काही, गृहिणींना आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असे. खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नळ सोडून पाहावा, दाराची आणि न्हाणीघराची कडी आतून लागते का ते पाहावे, चादर उचलून गादी पाहावी. इतर कुटुंबे उतरली आहेत का, हे जिन्यात क्षणभर थांबले तरी कळते; वाळत घातलेले मुलांचे कपडे दिसले की बायकांनी निर्धास्त व्हावे. भाडे चोवीस तासांचे की दुपारी बाराला खोली सोडायची, हे आधी विचारावे. रात्री आठला पोहोचणाऱ्याला त्यात अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. जादा गादी, गरम पाणी आणि कर धरून एकूण किती, ते तोंडी नव्हे तर कागदावर घ्यावे. कराचेही सांगतो : हजाराच्या आतल्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता, १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे. ज्या लहान लॉजची नोंदणी नाही त्याला हा कर घेताच येत नाही; म्हणून कर लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक आहे का ते पाहावे. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचे न्यावे. आणि बडोद्याला २३ सप्टेंबरला जायचे असेल तर खोली आधी ठरवूनच निघावे, त्या दिवशी दूरदूरची माणसे येतात.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगून आटोपते घेतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ साली एक पुस्तिका काढली. काळ्या प्रवाशाला अपमान न होता कुठे उतरता येईल, कुठे जेवता येईल, याची ती यादी. लोक तिला 'ग्रीन बुक' म्हणत. या पुस्तिकेची गरजच उरू नये, असा दिवस येवो, अशी इच्छा खुद्द तिच्यातच छापलेली असे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला भेद बेकायदा ठरला आणि दोन-तीन वर्षांत पुस्तिका बंद झाली. पगारदार माणसाने, आपल्या नोकरीतून वेळ काढून केलेले हे काम आहे.

मनवेलपाड्याच्या विहारात आम्ही आता एक वही ठेवली आहे. जो परगावी जाऊन येईल त्याने तिच्यात लॉजचे नाव, भाडे, पाण्याची वेळ आणि काउंटरवर काय विचारले ते लिहायचे. पहिल्या पानावर बडोद्याचे दोन्ही लॉज आहेत. पहिल्यापुढे काय लिहावे हे आम्हाला सुचेना. थोरलीने लिहिले : "खोली चांगली. पत्ता पूर्ण लिहावा." जयभीम.