गुहेतली चूल

संसाराचा शीण आलेल्या माणसाच्या मनात कधी ना कधी एक गुहा उघडते. तिला भाडे नसते, दाराला कडी नसते, कारण मुळात दारच नसते. तेथे सावकार येत नाही, पाहुणा येत नाही, आणि केलेल्या-न केलेल्या कर्तव्यांचा हिशोब मागायलाही कोणी येत नाही. समोर दरी, वर आकाश, मागे थंड कातळ, आणि त्या कातळाला पाठ टेकून बसलेला आपण. या मनातल्या गुहेत पाऊस गळत नाही, डास येत नाहीत, आणि मुख्य म्हणजे तेथे राहणाऱ्याला दोन वेळा भूक लागत नाही.

ज्यांनी गुहेत खरोखर दिवस काढले त्यांना भुकेचा विचार आधी करावा लागला. सह्याद्रीत लेणी कोरणाऱ्यांनी तो केलेला दिसतो. कान्हेरीच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. साध्या लेण्याची रचना ठरलेली : चार पायऱ्या, पुढे अंगण, मग ओसरी, आत एक खोली, खोलीत झोपण्यासाठी खडकातच ठेवलेला ओटा, आणि अंगणाच्या कडेला पावसाचे पाणी साठवण्याचे टाके. शिलालेखांतली भाषा या टाक्याला पोढी म्हणते, आणि दान देणाऱ्यांनी लेणे आणि पोढी ही दोन नावे पुष्कळदा जोडीने कोरवून ठेवली आहेत. चार महिने धो धो कोसळून आठ महिने कोरड्या राहणाऱ्या डोंगरात पाण्यावाचून लेणे म्हणजे नुसते छिद्र, हे त्या दात्यांना ठाऊक होते.

पाण्यानंतर अन्नवस्त्र. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेणे तर दिलेच, शिवाय ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे गुंतवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यांतील २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने वर्षाला २४० कार्षापण येत. त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे होते, म्हणजे बरोबर २४०. उरलेल्या १,००० वर दर पाऊण टक्का. ते व्याज भिक्षूंच्या इतर गरजांसाठी. सुमारे एकोणीस शतकांपूर्वीचा हा हिशोब आजही पैपैने जुळतो. चीवर पांघरून ध्यानाला बसलेल्या भिक्षूला खालच्या नगरातल्या मागाचा आवाज ऐकू येत नसेल. पण त्या मागावरच त्याचा वर्षावास उभा होता.

हे झाले संघाचे. संघाला राजे आणि श्रेणी मिळतात. कोणाचाही आधार न शोधता, घरातून एकटाच उठून जाणाऱ्याचे काय होते, हे पाहायचे तर तामिळनाडूतील तिरुवण्णामलैच्या अरुणाचल डोंगराकडे जावे लागते. १ सप्टेंबर १८९६ रोजी वेंकटरामन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा मदुरैचे घर सोडून तेथे पोहोचला. जग पुढे त्याला रमण महर्षी म्हणून ओळखू लागले. आरंभी तो मोठ्या देवळातल्या पाताळलिंगाच्या तळघरात बसला. त्या अंधारात किडामुंगीने त्याच्या मांड्या फोडल्या, जखमा चिघळल्या, आणि देहभान हरपलेल्या त्या मुलाला शेवटी इतरांनी उचलून बाहेर आणले. गुहेच्या आकर्षणाविषयी बोलताना हा पहिला अध्याय सहसा गाळला जातो. पुरता एकटा राहिलेला माणूस फार काळ राहत नाही. एक तर तो मरतो, नाही तर कोणीतरी त्याला उचलून आणतो.

१८९९ मध्ये ते डोंगरावरील विरूपाक्ष गुहेत राहायला गेले आणि १९१६ पर्यंत तेथे राहिले. गुहा लहान आहे. विरूपाक्षदेव नावाच्या जुन्या सत्पुरुषाची समाधी तिच्यात आहे, आणि समोर खाली देवळाची गोपुरे आणि नगराची घरे दिसतात. उन्हाळ्यात तेथे पाणी मिळेनासे होई, तेव्हा पाण्याजवळच्या, आंब्याच्या झाडाखालच्या दुसऱ्या गुहेत मुक्काम हलवावा लागे. म्हणजे एकान्तालाही ऋतुमान होते. अंगावर कौपीन आणि एक जीर्ण पंचा. पंचा फाटला की काट्याची सुई आणि त्याच वस्त्रातून उसवलेला दोरा घेऊन तो शिवायचा, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. ज्या वस्त्रातून दोरा काढायचा त्यालाच तो घालायचा, यापेक्षा काटकसर अधिक होऊ शकत नाही.

पण पोट असे शिवता येत नाही. सोबत असलेले पळनिस्वामी आणि इतर साधक खाली नगरात भिक्षेला जात. मिळेल ते आणून एकत्र कालवून सगळे खात. भिक्षेच्या फेरीत म्हणायला काहीतरी हवे म्हणून रमणांनी अरुणाचलावर १०८ कडव्यांचे एक दीर्घ तमिळ स्तोत्र रचले. आज ते भक्तिकाव्य म्हणून गाइले जाते. त्याच्या मुळाशी दुपारच्या अन्नाची सोय होती, याने त्याची थोरवी उणी होत नाही. नगरातल्या एच्चम्माळ या बाईंचा नवरा आणि मुले अल्पावधीत गेली होती. दुःखाने पोळलेल्या त्या बाई रमणांच्या दर्शनाला आल्या, आणि मग रोज रांधलेले अन्न घेऊन डोंगर चढण्याचे व्रत त्यांनी घेतले. ते त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत, १९४५ पर्यंत चालवले. गुहेत बसणाऱ्याची तपश्चर्या सर्वांना दिसते. ऊन-पावसात डबा घेऊन चढणाऱ्या पायांची तपश्चर्या कोणी मोजत नाही.

कोणी म्हणेल, अरुणाचल नगराला लागूनच आहे; खरा एकान्त हवा तर हिमालय गाठावा. तोही गाठला गेला आहे. इंग्लंडमध्ये १९४३ साली जन्मलेली तेन्झिन पाल्मो ही बौद्ध भिक्षुणी १९७६ ते १९८८ अशी बारा वर्षे लाहौलमध्ये सुमारे १३,२०० फूट उंचीवरच्या एका गुहेत राहिली. तिने पुढच्या बाजूने भिंत घालून घेतली, चूल मांडली, उन्हाळ्यात बटाटे आणि सलगम लावले, आणि आडवे न होता एका लाकडी चौकटीत बसल्या बसल्याच रात्री काढल्या. एकदा हिमवादळाने गुहा पार गाडली गेली, तेव्हा आतून बर्फ उकरत तिने वाट काढली. एवढ्या निर्धाराच्या बाईलाही पीठ, तांदूळ, डाळ आणि रॉकेल खालूनच आणवावे लागे, आणि एकदा ठरलेली शिधासामग्री वर पोहोचली नाही तेव्हा तिला कित्येक महिने अर्धपोटी काढावे लागले. उंची वाढली की दोरी लांब होते. ती तुटत नाही.

शिध्याची दोरी तरी डोळ्यांना दिसते. दुसरी एक दोरी असते, तिचे टोक मागे राहिलेल्या माणसांच्या हातात असते. त्या टोकाची गोष्ट समजून घ्यायची तर पुन्हा अरुणाचलावरच यावे लागते.

घर सोडलेल्या मुलाचा ठावठिकाणा लागल्यावर १८९८ च्या अखेरीस त्याची आई अळगम्माळ थोरल्या मुलाला घेऊन तेथे आली. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर मळाची पुटे चढलेल्या मुलाला तिने ओळखले. ती रोज काही ना काही खायचे करून आणी आणि घरी चल म्हणून विनवी. मुलगा मौनात होता. जवळच्यांनी फारच गळ घातली तेव्हा त्याने कागदावर लिहून दिले, त्याचा आशय असा, की ज्याचे जसे प्रारब्ध तसे विधाता घडवतो. व्हायचे नाही ते प्रयत्न करूनही होत नाही, व्हायचे ते अडवूनही थांबत नाही. म्हणून गप्प राहणे उत्तम. तत्त्वज्ञान म्हणून हे उत्तर निर्दोष असेल. पण ते घेऊन जी बाई रिकाम्या हाताने परतली, तिच्या बाजूने पाहिले तर त्या कागदाचे वजन फार होते. आपल्याकडे वैराग्याच्या कथा जाणाऱ्याच्या बाजूने सांगितल्या जातात. उंबऱ्यावर उभी राहिलेली व्यक्ती त्या कथेत एका वाक्यापुरती येते.

येथे मात्र ती एका वाक्यापुरती राहिली नाही. मधल्या वर्षांत तिचा थोरला मुलगा वारला, वय झाले, जवळची माणसे एकेक करून गेली. ती अधूनमधून डोंगरावर येई. १९१४ मध्ये अशाच एका भेटीत तिला विषमज्वर झाला, आणि ज्या मुलाने मौनातून तिला परत पाठवले होते त्याने रात्रंदिवस उशाशी बसून तिची शुश्रूषा केली. ती बरी व्हावी म्हणून अरुणाचलाला आळवणारी कडवीही रचली. प्रारब्धाचे घडवले घडते, हे लिहून देणाऱ्याने आईसाठी प्रार्थना करावी, यात विसंगती शोधणाऱ्याने खुशाल शोधावी.

१९१६ मध्ये ती कायमची राहायला आली. काही साधकांना हे रुचले नाही. संन्याशाच्या गुहेत आई कशी, हा त्यांचा प्रश्न होता. पण ती राहिली. विरूपाक्ष गुहा सर्वांना अपुरी पडू लागली, तेव्हा थोडे वर, बारमाही झऱ्याजवळ, कंदस्वामी नावाच्या साधकाने खपून जागा सिद्ध केली. तिला स्कंदाश्रम म्हणतात. तेथे आईने चूल पेटवली. तोवर डोंगरावर भिक्षेचे किंवा भक्तांनी आणलेलेच अन्न असे; आता मुलाच्या आवडीचे काहीतरी शिजू लागले. तिचे सोवळे कडक होते. कांदा तिला चालत नसे, आणि मुलगा तिची थट्टा करी, की बघ हो, हा कांदा मोक्षाच्या वाटेत आडवा येईल! तिच्या पापडांची आठवणही प्रसिद्ध आहे. एकदा ती पापड लाटायला बसली आणि हाताखाली ये म्हणाली. मुलाने लाटणे उचलले नाही. पीठ, मसाला, कुटणे, लाटणे, तळणे या सगळ्यांना साधनेची रूपके करून पापडाचे एक गाणे तेवढे रचून दिले. तमिळमध्ये ते ‘अप्पळप्पाट्टु’ म्हणून ओळखले जाते. ऐकून ती माउली हसली असेल की रागावली असेल, कोण जाणे. पापड मात्र तिलाच लाटावे लागले असणार.

१९ मे १९२२ रोजी स्कंदाश्रमात तिचे निधन झाले. अखेरच्या तासांत मुलगा एक हात तिच्या हृदयाशी आणि एक मस्तकावर ठेवून बसून होता. डोंगराच्या पायथ्याशी तिची समाधी बांधण्यात आली. रमण रोज वरून खाली समाधीपाशी येत आणि परत चढून जात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एके दिवशी ते खाली आले आणि वर गेलेच नाहीत. समाधीभोवती आधी एक झोपडी उभी राहिली, मग आश्रम उभा राहिला. १८९८ मध्ये आई ज्यासाठी आली होती ते असे, तिच्या पश्चात आणि तिच्या समाधीमुळे, घडले : मुलगा डोंगर उतरून आला.

गुहेत सतरा आणि स्कंदाश्रमात सहा वर्षे काढलेला हा पुरुष आश्रमात काय करी? इतर गोष्टींबरोबर तो पहाटे उठून स्वयंपाकघरात जाई, भाजी चिरी, चटणी वाटी. पानावर काही टाकलेले त्याला खपत नसे. १९५० मध्ये त्याचे निर्वाण झाले. आईच्या समाधीवरचे मंदिर त्याच्या आदल्याच वर्षी पुरे झाले होते.

आश्रमाच्या मागून डोंगरावर जाणारी वाट स्कंदाश्रमाला लागते आणि तेथून थोडी उतरून विरूपाक्ष गुहेपाशी येते. आतल्या अंधारात अनोळखी माणसे डोळे मिटून बसलेली असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या मनात तीच पहिली गुहा उघडलेली असते. तासाभराने ती उठतात, बाहेरच्या उजेडात डोळे चोळतात, आणि पायताणे शोधून हळूहळू खाली उतरू लागतात. आश्रमात जेवणाची वेळ ठरलेली आहे, आणि कोणीतरी पहाटेपासून तेथे चुलीपाशी उभे आहे.